सईने सांगितलेल्या तीन गोष्टी

हे मी मिलिंदला सांगितलेलं नाही. मिलिंद म्हणजे माझा नवरा; लग्नाला पंचवीस वर्षं होत आली. माझ्या बहिणीला नाही, मैत्रिणींना नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. गोष्टी मनात ठेवून कुढत बसणारी बाई मी नव्हे. ऑफिसात माझी ख्याती आहे — हिला विचाराल तर खरं ऐकायची तयारी ठेवा. मग ही एकच गोष्ट बारा वर्षं तोंडातून बाहेर का पडली नाही? उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते फार खोल वगैरे नाही. पण क्रमाने सांगते. नाहीतर नेमका मधला भाग गाळून मी पुन्हा मोकळी होईन.

आता आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो. त्याआधी पावणेतीन वर्षं फ्रान्समध्ये होतो, तुलूझला. मिलिंदच्या कंपनीने त्याला विमानांच्या सॉफ्टवेअरच्या कामावर पाठवलं होतं. मी पुण्यातली चांगली नोकरी सोडून त्याच्याबरोबर गेले. आमची एकुलती एक मुलगी, सई, तेव्हा सात वर्षांची होती.

इथल्या मराठी मंडळात कुणी ना कुणी म्हणतंच, "अय्या, फ्रान्सला होतात? किती रोमँटिक!" मी हसते. काय सांगणार? घर भाड्याने घ्यायला बँकेत खातं लागायचं आणि खातं उघडायला घराचा पत्ता. दुपारी दुकानं बंद — पुणेकराला त्याचं काय नवल म्हणा — पण रविवार बंद, सोमवारी सकाळी बंद, आणि ऑगस्टमध्ये तर आमच्या खालचा बेकरीवाला महिनाभर कुलूप लावून समुद्रावर. दुकानात शिरताना आधी 'बोंजूर' म्हणायचं. मी घाईत थेट दूध कुठे आहे ते विचारायची, आणि काउंटरवरची बाई जणू मी तिथे नाहीच अशी उभी राहायची. आणि पत्रं! विजेचं, विम्याचं, शाळेचं, रहिवासी परवान्याचं. प्रत्येकाला उत्तर कागदावर, ठरावीक तारखेच्या आत. इंजिनिअर बाई मी, पुण्यात अकरा माणसांची टीम सांभाळलेली, आणि आलेलं पाकीट फोडायची मला भीती वाटायला लागली.

म्हणजे मी फ्रेंच शिकायला हवं होतं. बरोबर?

आमच्या वस्तीच्या केंद्रात नवीन आलेल्यांसाठी फुकट वर्ग होता. आठवड्यातून दोन सकाळी. मी पाच आठवडे गेले. माझ्या एका बाजूला भाजी विकणारी एक बाई बसायची, दुसऱ्या बाजूला रंगकाम करणारा एक गृहस्थ. दोघंही चुकत होते, हसत होते, आणि बोलत होते. मी चुकायला नको म्हणून बोलतच नव्हते. वर्गात सगळ्यांत मागे मी — आयुष्यात पहिल्यांदा. सहाव्या आठवड्यात पाठ दुखते म्हणून घरी राहिले, ती पुन्हा गेलेच नाही. मिलिंदला सांगितलं, वर्गात काही दम नाही.

ही लहान कबुली. मोठीला वाट इथूनच फुटते.

कारण तोवर सई बोलायला लागली होती. मुलं कशी शिकतात कुणास ठाऊक! सहा महिन्यांत ती शाळेच्या फाटकापाशी मुलांशी भांडत होती फ्रेंचमध्ये. मला वाटलं, प्रश्न सुटला. बँकेत सई, पोस्टात सई, गॅसवाला आला की सई. बुधवारी शाळा अर्धा दिवस असायची, तेव्हा सगळी कामं मी बुधवार दुपारवर टाकायची. पण सगळी कामं बुधवार बघून येत नाहीत. मग पोट दुखतंय अशी चिठ्ठी पाठवून तिला घरी ठेवायची.

एकदा तिच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. आणि मी सोबत न्यायचं कुणाला? सईलाच. बाई बोलत होत्या आणि सई एकेक वाक्य मराठीत मला सांगत होती, "त्या म्हणतायत मी खूप अब्सेंट असते. त्या म्हणतायत पोट दुखतंय हे त्यांना खरं नाही वाटत. त्या म्हणतायत ही कामं मुलीची नाहीत, आईची आहेत."

आठ वर्षांची होती. तिला काही गाळता आलं नसतं? माझा चेहरा बघून एखादं वाक्य मऊ करता आलं नसतं? तिने केलं नाही. जसं ऐकलं तसं सांगितलं. हे मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण ही मुलगी शब्द खाणारी नव्हती. मला ते पक्कं माहीत होतं — पुढे जे झालं, त्याच्या आधीपासून माहीत होतं.

तिसऱ्या वर्षी सासूबाई आल्या. साताऱ्याहून, सहा महिन्यांसाठी. वय एकाहत्तर, तब्येत ठणठणीत, फक्त साखर. आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला नाही, हे मी आधी माझं भाग्य समजले. मग कळलं, त्या ताबा घेणार नव्हत्या, फक्त देखरेख करणार होत्या. "ही कणीक आहे की मैदा गं?" "इथे मेथी मिळत नाही म्हणतेस, का तू शोधली नाहीस?" मी शोधली नव्हती. दोन वेळा पोळ्या, दोन भाज्या, वरण-भात, आणि सगळं साहित्य ट्रामने आणायचं. मी चिडत होते. रोज, दिवसभर, आतल्या आत. मिलिंद सकाळी आठला जायचा आणि संध्याकाळी सातला येऊन आईला विचारायचा, "मग, कसं वाटतंय फ्रान्स?"

सप्टेंबरच्या शेवटी त्यांची साखर वाढली. डॉक्टरांनी तपासलं, रक्त तपासायला पाठवलं, आणि रिपोर्ट आल्यावर गोळी बदलू म्हणाले. रिपोर्ट घेऊन मी गेले त्या बुधवारी सासूबाई घरीच थांबल्या. दोन दिवसांवर घटस्थापना आली होती आणि त्यांना घटासाठी माती चाळायची होती. मी आणि सई, दोघीच गेलो.

डॉक्टर साठीचे असतील. सईकडे बघून ते काहीतरी म्हणाले. सई माझ्याकडे वळली. "ते विचारतायत, मोठं कुणी नाही का फ्रेंच येणारं?"

"सांग, नाही."

त्यांनी मान हलवली. मग ते अगदी हळू बोलले. एक वाक्य बोलायचे, सईने मला सांगेपर्यंत थांबायचे, मग पुढचं. सईने बोटांवर मोजलं. एक — नवीन गोळी रोज सकाळी, खायच्या जरा आधी. दोन — ही गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही, सकाळचं, दुपारचं, रात्रीचं, एकही नाही. चुकलं तर साखर एकदम खाली जाईल आणि त्या पडतील. तीन — दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं.

"तीनच, आई. झालं," सई म्हणाली.

दुसरी गोष्ट ऐकताच माझ्या डोक्यात आलं — नवरात्र. सासूबाई नऊ दिवस उपास करायच्या. साबुदाणा-वरीचा नव्हे, सकाळी कपभर दूध, रात्री एखादं फळ, बस. चाळीस वर्षं मोडला नव्हता. सईला हे सुचायचं कारण नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलीला जेवण चुकवणं वेगळं आणि आजीचा उपास वेगळा. मला मात्र सुचलं. तिथेच, त्या खुर्चीत.

घरी आलो. सई दप्तर टाकायला आत पळाली. सासूबाईंनी परातीतून मान वर केली. "काय म्हणतोय तुमचा डॉक्टर?"

"गोळी बदललीय. रोज सकाळी घ्यायची," मी म्हणाले.

आणि पोळ्यांची कणीक काढायला गेले.

का नाही सांगितलं? बरीच वर्षं मी स्वतःला एक उत्तर देत आले — वाद नको होता. मी उपास करत नाही याचा त्यांना आधीच राग होता. त्या म्हणाल्या असत्या, तूच पढवलं असशील डॉक्टरला. हे खरं आहे. त्या असं म्हणाल्याही असत्या. पण कारण ते नव्हतं. त्या उपासाला बसल्या की नऊ दिवस त्यांच्यासाठी रांधायचं नव्हतं. मिलिंद कंपनीत जेवायचा, सई शाळेत. नऊ दिवस दुपारच्या पोळ्या नाहीत, दोन भाज्या नाहीत, ट्रामने पिशव्या नाहीत, देखरेख नाही. कणीक मळताना मी हाच हिशेब केला, आणि मला बरं वाटलं. फक्त नऊ दिवस, नंतर सांगू. कपभर दूध तर घेतातच.

एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठी.

आणि गोळी? ती मी रोज सकाळी स्वतः त्यांच्या हातावर ठेवत होते. विसरत नव्हते. औषधाच्या बाबतीत मी फार काटेकोर.

सहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी बाजारातून परत आले. सासूबाई हॉलमध्ये घटापाशी आडव्या पडल्या होत्या. अंगावरचं पातळ घामाने भिजलेलं, डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हत्या. डावा पाय विचित्र वळला होता. मला अँब्युलन्सचा नंबर माहीत होता — पण फोनवर बोलणार काय? खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंचं दार मी ठोकत सुटले. दार उघडताच मी नुसतं वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं. त्यांनी माझा चेहरा बघितला, वर आल्या, आणि फोन त्यांनी केला.

हॉस्पिटलात साखर तासाभरात वर आणली. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करावं लागलं.

आता तो भाग.

संध्याकाळ. हॉस्पिटलचा कॉरिडॉर, खिडकीपाशी तीन खुर्च्या. मिलिंद, मी, मध्ये सई — खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तिला शाळेतून आणून सोडलं होतं. तिथल्या एका तरुण डॉक्टरला इंग्रजी येत होतं. त्याने मिलिंदला विचारलं होतं, ही गोळी सुरू करताना उपाशी राहू नका असं कुणी सांगितलं नाही का? मिलिंदने येऊन तोच प्रश्न मला केला. चढ्या आवाजात नाही. नुसता.

मी म्हणाले, "सईने मला सांगितलं त्यात जेवणाचं काही नव्हतं. लहान आहे रे, राहून गेलं असेल."

आधी ठरवलं नव्हतं. सुचलं आणि बोलले — एका श्वासात, घरी दूध संपलंय म्हणावं तसं. सईने माझ्याकडे बघितलं.

"मी सांगितलं ना?" ती म्हणाली. ठासून नाही. विचारल्यासारखं. कारण मोठी माणसं जे म्हणतात ते खरं असतं, आणि आई तर नक्कीच.

इथे मला थांबता आलं असतं. अजूनही वेळ होती, अजून अर्धं मिनिट होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "नाही गं बाळा. विसरलीस तू. असू दे."

ओरडले असते तर ती भांडली असती. मी प्रेमाने म्हणाले. म्हणून तिचा माझ्यावर विश्वास बसला. बघता बघता बसला. मी तो बसताना पाहिला. ती रडली नाही. हळूच बोटं मोजायला लागली — एक, दोन — आणि मध्येच थांबली.

शुद्धीवर आल्यावर सासूबाईंना कळलं, तेव्हा त्या काय म्हणाल्या? "लेकराला रागावू नका. तिला काय कळतंय." साताऱ्याला फोनवर प्रत्येकाला त्यांनी हेच सांगितलं. नणंदेला, जावेला, शेजारणीला — सईला काही बोलू नका हं, पोर लहान आहे. सगळ्यांनी तिला माफ केलं. इतक्या लोकांनी इतक्यांदा माफ केलं की मग चूक तिचीच ठरली. मी कधी दुसऱ्यांदा खोटं बोलले नाही. गरजच पडली नाही.

सासूबाई डिसेंबरात व्हीलचेअरवरून विमानात बसल्या. साताऱ्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वॉकर धरून खिडकीपर्यंत जायच्या. खाली उतरल्या त्या दोनदाच, दवाखान्यासाठी, खुर्चीत बसवून. चार वर्षांनी गेल्या.

आणि सई? तिने बोलणं सोडलं — फ्रेंच. बेकरीत माझ्या मागे उभी राहायची. "सांग ना गं," म्हटलं की मान हलवायची. शाळेतून तक्रार आली की वर्गात गप्प असते. ती वाचून घ्यायलाही मिलिंदला ऑफिसातला एक जण गाठावा लागला. पुढच्या उन्हाळ्यात डॅलसच्या ऑफिसची संधी आली, ती आम्ही लगेच घेतली. सगळे म्हणाले, बरं झालं, आता सगळं इंग्रजी, सुटलात. मीही म्हणाले, सुटलो. गंमत बघा — इथे आल्यापासून मला कुणाची गरज लागली नाही. नोकरी मिळवली, हायवेवर गाडी चालवते, टॅक्सची पत्रं मीच वाचते. नवीन देशात कसं रुजायचं यावर मंडळात एकदा भाषणही केलंय. टाळ्या पडल्या.

मग या मार्चमध्ये असं झालं. आमच्या समोर सुलभाकाकू राहतात, नागपूरच्या, मुलाकडे आलेल्या. मुलगा कामासाठी गावाबाहेर, आणि काकूंचं ब्लडप्रेशर चढलं. सई कॉलेजमधून सुट्टीला घरी आली होती. एकवीस वर्षांची आता. आम्ही दोघी काकूंना घेऊन दवाखान्यात गेलो. तिथल्या बाईंनी फोनवर दुभाषी देऊ केला, पण मराठी मिळायला वेळ होता, हिंदी लगेच होता. काकूंनी हात झटकले. "मशीनीतल्या माणसाशी कोण बोलते बाप्पा! माही सई आहे ना."

मी म्हणाले, मी सांगते. काकूंनी सईचाच हात धरला. सईचा चेहरा उतरला, मी पाहिलं. पण ती बसली. पर्समधून वही काढली. डॉक्टर एक वाक्य बोलली की सई ते लिहायची, मग तिला वाचून दाखवायची, मग काकूंना मराठीत सांगायची, मग काकूंकडून परत म्हणवून घ्यायची. "काकू, प्लीज, परत सांगा. गोळी कधी? जेवणाआधी की नंतर?" डॉक्टर हसली. मग दुसऱ्यांदा सगळं पहिल्यापासून. मग तिसऱ्यांदा. अक्षर वेडंवाकडं येत होतं. निघताना तिने दारातून परत फिरून विचारलं, उपास चालेल का यांना?

गाडीत काकू खूश होत्या. "किती नीट करते बाप्पा ही पोरगी! वकील व्हायला पाहिजे. कोणी शिकवलं गं तुला इतकं?"

सई मागच्या सीटवर होती. मी आरशात बघितलं नाही.

"लहानपणी एकदा मेस-अप केलं होतं मी, काकू," ती म्हणाली. "डॉक्टरने सांगितलेलं एक पॉइंट विसरले. आजी पडली. शी नेव्हर वॉक्ड प्रॉपर्ली आफ्टर दॅट. सो."

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "लहान होतीस. तुझा काय दोष?"

"हो, सगळे तेच म्हणतात," सई म्हणाली.

लाल सिग्नल होता. चांगला लांबलचक, डावीकडे वळायचा. मागे कुणी नव्हतं, घाई नव्हती. बोलायला दोन वाक्यं पुरली असती, आणि काकूंसमोर बोलण्याची लाज सोडली तर माझ्या वाटेत काही नव्हतं. सिग्नल हिरवा झाला. मी गाडी वळवली आणि म्हणाले, "काकू, आपण तुमच्या गोळ्या घेऊनच घरी जाऊ."

कॉरिडॉरमध्ये मी घाबरलेली होते असं म्हणता येईल. गाडीत कशाला घाबरले होते? मिलिंद नव्हता, सासूबाई नव्हत्या, कुणी मला काही करणार नव्हतं. फक्त सईने माझ्याकडे बघितलं असतं.

तर स्पष्ट लिहिते. सईने तिन्ही गोष्टी सांगितल्या होत्या, जशा ऐकल्या तशा, क्रमाने. मी त्या ऐकल्या, मला समजल्या. दुसरी मी माझ्या सोयीसाठी सासूबाईंपासून लपवली. त्या पडल्यावर मी सईला सांगितलं की तू विसरलीस. ती विसरली नव्हती.

सईला मराठी छान बोलता येतं, सगळं समजतं. वाचता येत नाही. अक्षरं शिकवायची राहून गेली. इंग्रजी मला येतं, दिवसभर तेच लिहिते. हे मराठीत लिहायला बसले तेव्हा मला दोन्ही गोष्टी माहीत होत्या.